बुटकं झाड वाढायचं थांबत नाही

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

‘आमची बाग म्हणजे घरामागचा दहा फूट बाय बारा फुटांचा तुकडा. आठ वर्षांपूर्वी तिथे हौसेने चार कोनिफर, म्हणजे सूचिपर्णी झाडं, लावली. टोपीसारखा निमुळता ‘कोनिका’ स्प्रूस, निळसर ‘ब्लू स्टार’ ज्युनिपर, सोनेरी ‘राइनगोल्ड’ थुजा आणि एक म्यूगो पाइन. चारही लेबलांवर ‘ड्वार्फ’ म्हणजे बुटकं असं लिहिलं होतं म्हणून दीड-दीड फुटावर लावले. आता ज्युनिपर आणि थुजा एकमेकांत घुसलेत आणि जिथे टेकतात तिथे तपकिरी पडलेत. पाइन कमरेएवढा होऊन पायवाटेवर आलाय. स्प्रूसच्या मधूनच एक वेगळीच फांदी सरळ वर निघाली आहे, आणि त्याची एक बाजू धूळ बसल्यासारखी मळकट दिसते. नवरा म्हणतो, सगळी निम्म्यावर छाटून टाकू, पुन्हा फुटतील. तसं करावं का? आणि खरं सांगा, आमची फसवणूक झाली का?’

प्रिय ताई,

आधी तुमच्या यजमानांना तो सिकेटर, म्हणजे छाटायची कात्री, जागच्या जागी ठेवायला सांगा. त्यांचा हेतू चांगला आहे. गुलाब किंवा जास्वंद असती तर हाच उपाय मीही सांगितला असता. पण कोनिफरला तो मानवत नाही. का मानवत नाही, हे मी सांगण्यापेक्षा तुम्ही दोघांनी झाडापाशी बसून बघावं असं मला वाटतं. थुजाची बाहेरची पालवी दोन्ही हातांनी बाजूला सारा आणि आत डोकवा. बाहेरून गच्च भरलेलं झाड आतून जवळजवळ मोकळं आहे. वर चार-सहा बोटं जाडीचा हिरवा थर आणि त्याच्या आत नुसत्या तपकिरी काटक्या, त्यांवर अडकलेला वाळक्या पानांचा चुरा. ऊन पोचतं ते त्या हिरव्या थरापर्यंतच. जिथे हिरवं आहे तिथेच फुटू शकणारे डोळे, म्हणजे नव्या फुटीच्या कळ्या, आहेत. आतल्या काटक्यांवरचे डोळे केव्हाच संपले. निम्म्यावर छाटायचं म्हणजे कात्री त्या थराच्या आत घालायची. मग उरतो तो काटक्यांचा सांगाडा, आणि तो पुन्हा हिरवा होत नाही.

याला थोडे अपवाद आहेत. यू हे झाड जुन्या लाकडातूनही फुटतं, क्रिप्टोमेरियाही बऱ्यापैकी फुटतो. तुमच्याकडच्या चारांपैकी एकही त्यात बसत नाही.

मी स्वतः ही चूक केलेली आहे. वाटेवर आडवा आलेला एक ज्युनिपर मी एका बाजूने सरळ भिंतीसारखा तासला. वाटलं, वर्षभरात झाकून येईल. तीन वसंत वाट पाहिली. बाकीच्या तिन्ही बाजूंना दर वर्षी नवी पालवी यायची आणि कापलेल्या बाजूच्या काटक्या तशाच, पावसाने काळ्या पडत गेलेल्या. शेवटी तो मुळासकट काढला. ते झाड चांगलं निरोगी होतं. तुमची झाडंही निरोगी आहेत, म्हणूनच इतकं कळकळीने सांगते आहे.

आता फसवणुकीचं. नाही, फसवणूक झालेली नाही, पण ‘ड्वार्फ’ या शब्दाचा अर्थ तुम्हाला कोणी नीट सांगितला नाही. आपण ‘बुटका’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे येतं ते ठरावीक उंचीला थांबणारं झाड. कोनिफरच्या बाबतीत तो शब्द उंचीचा नाही, वेगाचा आहे. अमेरिकन कोनिफर सोसायटीने केलेली वर्गवारी जगभर वापरतात. तिच्यात वर्षाला एक इंचाहून कमी वाढणारं झाड ‘मिनिएचर’, एक ते सहा इंच वाढणारं ‘ड्वार्फ’, सहा ते बारा इंच वाढणारं मध्यम आणि त्याहून जास्त वाढणारं मोठं. म्हणजे ड्वार्फ झाड दहा वर्षांत एक फुटाचंही असू शकतं आणि पाच फुटांचंही. दोन्ही लेबलं खरीच. लेबलावर जी उंची छापलेली असते ती बहुतेक वेळा दहाव्या वर्षाची असते, शेवटची नव्हे. अकराव्या वर्षी झाड वाढायचं थांबत नाही.

आणखी एक हिशेब लावताना हमखास सुटतो, तो रुंदीचा. वर्षाला तीन इंच वाढणारं पसरट झाड डावीकडेही तीन इंच सरकतं आणि उजवीकडेही. रुंदी वाढली सहा इंच. तुमच्या दोन झाडांमध्ये दीड फूट, म्हणजे अठरा इंच. दोघंही एकमेकांकडे वर्षाला तीन-तीन इंच सरकली तर तिसऱ्या वर्षी पानं पानांना टेकली. लावताना झाडाचा जो काही घेर होता तो यात धरलेलाही नाही. तुमच्याकडची तपकिरी बाजू हा कुठला रोग नाही. तिथे गेली चार-पाच वर्षं ऊनच पोचलेलं नाही.

तर काय करायचं. सगळ्यात आधी स्प्रूसमधली ती सरळ फांदी, कारण ते काम लांबवून चालणार नाही. ती जवळून पाहा. तिच्या सुया लांब आहेत, विरळ आहेत, आणि एका वर्षात ती झाडाच्या बाकीच्या फांद्यांच्या कितीतरी पट वाढलेली दिसेल. कारण ती ‘कोनिका’ची नाहीच. १९०४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या आर्नल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानाचे अल्फ्रेड रेडर आणि जॉन जॅक यांना कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, लेक लुईजच्या परिसरात, पांढऱ्या स्प्रूसचं हे खुजं रूप सापडलं. आज जगभरच्या बागांमधले सगळे ‘कोनिका’ त्याचेच वंशज, फांद्यांपासून वाढवलेले. पांढरा स्प्रूस रानात साठ-सत्तर फूट सहज जातो. ‘कोनिका’च्या एखाद्या डोळ्यात तो मूळ स्वभाव मधूनच परत येतो आणि तशी फांदी निघते. ती ठेवली तर झाडाचा सगळा जोर ती ओढून घेते आणि काही वर्षांत तुमच्या बागेत खरोखरचा पांढरा स्प्रूस उभा राहतो. पालवीत हात घालून ती जिथून निघाली आहे तिथपर्यंत जा आणि अगदी बुडाशी कापा. नुसता शेंडा खुडून उपयोग नाही, उरलेल्या भागातून पुन्हा तशाच फांद्या येतील. यासाठी ऋतूची वाट पाहायची गरज नाही, उद्या सकाळी केलं तरी चालेल. मध्ये फट दिसेल, पण आजूबाजूच्या फांद्या हिरव्या आहेत, त्या हळूहळू ती भरून काढतील. यापुढे दर वर्षी एकदा झाडाभोवती फिरून अशी फांदी दिसते का ते बघत जा. बोटभर असतानाच काढली तर फटही पडत नाही.

त्याच झाडाची मळकट बाजू ही वेगळी गोष्ट आहे, आणि मला कोळी किडीचा संशय आहे. खात्री करून घ्या. पांढरा कागद फांदीखाली धरा आणि फांदीवर दोन-तीन टिचक्या मारा. कागदावर मिरपुडीसारखे ठिपके पडतील. मिनिटभर नुसतं बघत राहा. ठिपके चालायला लागले तर ते कोळी. भिंग असेल तर सुयांच्या मध्ये बारीक जाळीही दिसेल. कोळी सुयांमधला रस शोषतात, म्हणून आधी सुयांवर फिकट टिपके येतात आणि मग ती बाजू मळकट, तपकिरी होत जाते. स्प्रूसवरचे कोळी ऐन उन्हाळ्यापेक्षा वसंतात आणि शरदात, हवा थंड असताना, जास्त वाढतात. नुकसान मात्र नजरेला येतं उन्हाळ्यात, म्हणून लोक चुकीच्या वेळी फवारण्या करत बसतात. पाइपला जोराची धार लावा आणि खालून वर, आतून बाहेर, झाड नीट धुवा. आठवड्यातून एकदा, असं महिनाभर. हातात येईल ते कीटकनाशक मारू नका. कोळी खाणारे किडे त्याने आधी मरतात आणि कोळी दुपटीने वाढतात. जिथे सुया गळून फांदी उघडी पडली आहे तिथे मात्र त्या परत येणार नाहीत. ती बाजू भिंतीकडे असेल तर नशीब समजा.

एक खुलासा इथेच करते, नाहीतर शरदात तुमचं दुसरं पत्र येईल. आतल्या, खोडाजवळच्या सुया पिवळ्या पडून गळणं हे सगळ्याच सदाहरित कोनिफरमध्ये होतं. पाइन आपल्या सुया साधारण दोन-तीन वर्षं ठेवतो, स्प्रूस त्याहून बरीच जास्त. म्हातारी पानं आतून गळतात, शेंडे हिरवे राहतात. काळजी करायची ती शेंडे तपकिरी व्हायला लागले तर.

आता ज्युनिपर आणि थुजा. दोघांपैकी एकाला हलवावंच लागेल, छाटून हा तंटा मिटणार नाही. मी थुजा हलवीन. एक तर ‘राइनगोल्ड’ चार-पाच फुटांपर्यंत जाणारा आहे, ‘ब्लू स्टार’ त्याच्या निम्म्या उंचीत राहतो. दुसरं, थुजाची मुळं वरच्या वर, तंतुमय, दाट असतात. त्यामुळे तो उचलला तर बहुधा तगतो. वसंतात नवी वाढ सुरू व्हायच्या जरा आधी हे काम करा. खोडाच्या जाडीच्या दहा-बारा पट व्यासाचा मुळांचा गोळा घ्यायचा, असा ठोकताळा आहे. जमिनीपासून वीतभर उंचीवर खोड दोन इंच जाड असेल तर गोळा वीस ते चोवीस इंचांचा. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या म्हणजे माती मुळांना धरून राहील. भोवती चर खणा, खालून कुदळ घाला, गोळ्याखाली जुनं पोतं सरकवा आणि दोघांनी मिळून पोतं धरून उचला. खोडाला धरून उचलायचं नाही. माती सुटते आणि तिच्याबरोबर बारीक मुळं तुटतात, आणि झाड पाणी पितं ते त्या बारीक मुळांनीच.

नव्या जागी लावताना त्याची तपकिरी बाजू भिंतीकडे वळवा. झाडाला पाठ असते असं समजा. छोट्या बागेत बहुतेक झाडं एकाच बाजूने दिसतात, आणि या एका वळवण्याने तुमचं निम्मं दुःख संपेल. ज्युनिपरची पाठ मात्र आता उघडी पडेल. त्याच्या कडेच्या हिरव्या फांद्या उजेड मिळाला की त्या बाजूला थोड्या झुकतील. तोवर तिथे एखादा ओबडधोबड दगड ठेवा किंवा जमिनीलगत पसरणारा थाइम लावा. ज्युनिपरवर चढेल असं काही लावू नका, नाहीतर उजेडाचा तोच प्रश्न पुन्हा उभा राहील.

पाइनला हलवायच्या फंदात पडू नका. आठ वर्षांच्या पाइनची मुळं खोल गेलेली असतात आणि तो उचलणं बहुधा जिवावर बेततं. त्याच्या लेबलावर म्यूगोपुढे आणखी एखादं नाव होतं का, आठवून बघा. ‘मॉप्स’, ‘ग्नोम’ अशा नावांची झाडं एकाच खुज्या झाडापासून कलमाने केलेली असतात, त्यामुळे त्यांची वाढ सांगता येते. नुसतं ‘म्यूगो’ लिहिलेली रोपं बऱ्याचदा बियांपासून केलेली असतात, आणि त्या बियांतून गुडघाभर झुडूपही निघतं आणि डोक्यावर जाणारं झाडही. तुमचं दुसऱ्या प्रकारचं दिसतंय. तरी त्याला आवरता येतं, आणि त्यासाठी कात्रीही लागत नाही.

वसंताच्या शेवटी पाइनच्या प्रत्येक शेंड्यावर मेणबत्तीसारखे फिकट कोंब उभे राहतात. इंग्रजीत त्यांना ‘कँडल’च म्हणतात. कोंब लांबलेत पण त्यांच्यावरच्या सुया अजून अंगाला चिकटून आहेत, हे ते नेमके दिवस. कोंब चिमटीत धरा आणि निम्मा मोडा. गवारीची शेंग मोडावी तसा कट्‌कन मोडतो. हाताला डिंक लागेल, त्याला थोडं तेल चोळलं की जातो. कात्री नको म्हणते कारण ती कोंबाबरोबर सुयाही कापते आणि त्यांची टोकं तपकिरी होतात. मोडलेल्या जागी त्याच मोसमात नवे डोळे बसतात आणि पुढच्या वर्षी एका शेंड्याचे दोन-तीन होतात. झाड दाट होतं, वाढ निम्म्यावर येते. सुया सुटून कडक झाल्यावर हे काम केलं तर डोळे नीट बसत नाहीत. वर्षातले पंधराएक दिवस मिळतात, ते चुकवू नका. वाटेवर आलेल्या दोन-तीन फांद्या राहतीलच. त्या एकेक करून, आतल्या एखाद्या हिरव्या पोटफांदीपर्यंत मागे कापा. वरची फांदी थोडी उचलून तिच्या आडोशाला कापलं तर काप दिसत नाही. ज्युनिपरलाही कधी आवरायची वेळ आली तर हीच पद्धत. कुंपणाची मोठी कात्री फिरवून गोळे करू नका. या झाडांची शोभा त्यांच्या थोड्या वेड्यावाकड्या रेषांतच असते, आणि कात्रीने तासलेला ‘ब्लू स्टार’ बघताना मला खरंच वाईट वाटतं.

खतांबद्दल थोडक्यात: जवळजवळ देऊच नका. नत्र जास्त झालं की बुटकं झाड बुटकं राहत नाही, लांब आणि विरळ वाढतं. दोन इंच जाडीचं सालींचं आच्छादन पुरे, आणि ते खोडाला टेकू द्यायचं नाही.

थुजा निघाल्यावर वाफ्यात जागा होईल आणि तिथे काहीतरी लावायचा मोह होईल. तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते, कारण आठ वर्षांपूर्वीची चूक इथेच पुन्हा होऊ शकते. लेबलावरची वर्षाची वाढ बघा, दुप्पट करा, दहाने गुणा. ही झाली दहा वर्षांनंतरची रुंदी. शेजारच्या झाडाचीही अशीच काढा. दोघांच्या रुंदीची बेरीज करून निम्मी केली की दोन खोडांमधलं अंतर मिळतं. ते इतकं मोठं येईल की जमीन ओकीबोकी वाटेल. वाटू द्या. मधल्या जागेत खडी पसरा, कंद लावा, दर वर्षी काढून टाकता येईल असं काहीही लावा. अगदी लहान जागेसाठी मला ‘कॉम्प्रेसा’ ज्युनिपर फार आवडतो. पेन्सिलीसारखा उभा, वर्षाला एक-दोन इंच वाढणारा, दगडी कुंडीतही वर्षानुवर्षं राहणारा. आणि हवामान बघून निवडा. स्प्रूस आणि फर यांना थंडी लागते, मुळांशी गारवा लागतो. उन्हाळा कडक असेल तिथे ज्युनिपर आणि मोरपंखीची ठेंगणी रूपं जास्त टिकतात. सोनेरी पानांच्या जातींना सावलीत हिरवट कळा येते आणि दुपारच्या कडक उन्हात त्या भाजतात. सकाळचं ऊन त्यांना सगळ्यात मानवतं.

लावण्याआधी निचरा तपासा. फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाला इंचभर तरी उतरलं पाहिजे. तसं होत नसेल तर तिथे वाफा उंच करा, कारण मुळांशी पाणी साचणं कोनिफरला कोरड्यापेक्षा लवकर मारतं. कुंडीतून काढलेल्या रोपाची मुळं गोल गोल फिरलेली असतील तर ती बोटांनी सोडवा, जाड असतील तर उभा काप द्या. खोड जिथे मुळांकडे रुंदावतं ती जागा मातीच्या वर दिसली पाहिजे. पहिली दोन वर्षं आळं करून सावकाश, खोलवर पाणी द्या. हलवलेल्या थुजालाही हाच नियम लागू.

एक काम मात्र बाकीचं काहीही करण्याआधी. तुमची लेबलं हरवली असतील असं धरून चालते. स्प्रूस आणि पाइनची एखादी बाहेरची फांदी शेंड्यापासून मागे बोट फिरवत तपासा. मधेमधे एक बारीक खरबरीत कडं बोटाला लागेल. मागच्या वर्षीच्या डोळ्यावरचे खवले गळून गेल्याची ती खूण. एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत एका वर्षाची वाढ. अशी शेवटची तीन वर्षं पट्टीने मोजा, दोन-तीन वेगवेगळ्या फांद्यांवर. थुजा आणि ज्युनिपरवर ही कडी दिसत नाहीत, त्यांच्या घेराला फक्त दोरा लावून आजची रुंदी लिहून ठेवा आणि लावल्याला झालेल्या वर्षांनी भागा. वाफ्याचा एक साधा नकाशा काढा, भिंत कुठल्या बाजूला, ऊन कधी येतं ते त्यावर मांडा आणि हे आकडे त्याच्याबरोबर पाठवा. थुजा नेमका कुठे हलवायचा ते त्यावरून ठरवू. तोवर उद्या सकाळी स्प्रूसमधली ती एक फांदी तेवढी काढून टाका.